‘रिपब्लिक’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

एम.ए.ला असताना प्लेटोचं ‘रिपब्लिक’ माझ्या वाट्याला आलं ते नोट्समधून. तीन वर्ग, चार सद्गुण, तत्त्वज्ञ राजा. पाठ झालं, पेपरही लिहिला, पण प्लेटो हे सगळं कशासाठी मांडतोय ते कळलं नव्हतं.

पुढे मूळ संवाद अनुवादातून वाचायला घेतला आणि दहा पुस्तकांपैकी, म्हणजे भागांपैकी, पहिलं नुसतं चाळून सोडलं. ही चूक करू नका. चर्चा घडते ती अथेन्सच्या बंदरात, पायरियसला, पोलेमार्कसच्या घरी; तिथे सेफॅलस हा श्रीमंत म्हाताराही भेटतो. न्याय म्हणजे मित्राचं भलं आणि शत्रूचं वाईट करणं, असं म्हणणारा पोलेमार्कस हा सेफॅलसचा मुलगा. इ.स.पू. 404 मध्ये तीस जणांच्या टोळीने सत्ता बळकावली आणि याच पोलेमार्कसला खटल्याशिवाय विष प्यायला लावलं. टोळीचा म्होरक्या क्रिटियस प्लेटोच्या आईच्या नात्यातला. इ.स.पू. 399 मध्ये प्लेटोचा गुरू आणि या संवादातला मुख्य वक्ता सॉक्रेटिस यालाही विषच मिळालं, तेही लोकशाहीच्या न्यायालयाकडून. हे कळल्यावर याच चर्चेतल्या थ्रॅसिमॅकसचं ‘बलवानाचं हित म्हणजे न्याय’ हे वाक्य मला पुन्हा कधी पुस्तकी वाटलं नाही.

दुसरी अडचण शब्दाची. ‘न्याय’ म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं. मूळ ग्रीक शब्द ‘डिकायोसिनी’ माणसाच्या एकूण सचोटीलाही लागू पडतो. म्हणून तर दुसऱ्या पुस्तकात सॉक्रेटिस म्हणतो, बारीक अक्षरं दिसत नसतील तर तीच मोठी लिहिलेली कुठे आहेत ते पाहू, म्हणजे आधी नगरातला न्याय शोधू. आदर्श राज्याची उभारणी सुरू होते ती अशी, माणसाचं मन वाचण्यासाठी.

चौथ्या पुस्तकात उत्तर येतं: ज्याने त्याने आपलं काम करावं, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये. इथे आपल्याकडच्या वाचकाला चातुर्वर्ण्य आठवणारच. ती शंका दाबू नका. आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे साम्य दाखवून माणसांना मोजक्या वर्गांत कोंबण्यावर नेमकं बोट ठेवलं आहे. प्लेटो गुणांनुसार मुलाचा वर्ग बदलू देतो, पाचव्या पुस्तकात स्त्रियांनाही राज्यरक्षक करतो. तरी कोण कशाच्या लायक हे ठरवणार वरचेच, आणि मला ते अजूनही पटत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’चं दुसरं पुस्तक, जिथे तो या राज्यावर टीका करतो, ते यानंतरच उघडा. आणि टिपणं काढताना छापील पानाऐवजी समासातले 327 ते 621 हे आकडे लिहा. ते 1578 च्या आवृत्तीचे आहेत आणि बहुतेक अनुवादांत तेच असतात.