ओथेल्लोच्या रुमालापासून सुरुवात: शेक्सपिअरचा आस्वाद कसा घ्यावा

शेक्सपिअर वाचायचे मनावर घेतले की बहुतेक जण मूळ इंग्रजी संहिता आणि जाडजूड शब्दकोश घेऊन बसतात आणि पहिला अंक संपायच्या आतच पुस्तक मिटून ठेवतात. सांगली-साताऱ्याकडच्या वाचकाने तर अशी सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले. त्याआधी, १८८३ मध्ये, कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले आणि गणपतराव जोशांनी ते रंगभूमीवर गाजवले. शेक्सपिअर आपल्या मुलखात फार पूर्वीच येऊन राहिलेला आहे, म्हणून ओळखीच्या वाटेनेच त्याच्याकडे जावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम एकच नाटक निवडावे, आणि ते ‘ऑथेल्लो’ असावे असे मी सुचवीन. त्यावर बेतलेला विशाल भारद्वाज यांचा ‘ओंकारा’ (२००६) हा हिंदी चित्रपट आधी पाहावा. कथानक ठाऊक होईल म्हणून बिचकू नये. शेक्सपिअरच्या काळच्या प्रेक्षकांनाही पुष्कळ कथा आधीपासून माहीत असत, आणि पुढे काय होणार या उत्सुकतेतून मन मोकळे झाले म्हणजे ते कसे घडते इकडे लक्ष जाते. पाहताना एका वस्तूचा माग काढावा. मूळ नाटकात ओथेल्लोला बायकोविषयी आलेल्या संशयाला पुरावा ठरतो तो एक रुमाल. चित्रपटात त्याच्या जागी घराण्यातला कमरपट्टा येतो. ही वस्तू कोणाच्या हातून निसटते, कोण उचलते आणि कोणाच्या हाती पडते, एवढेच टिपून ठेवावे.

त्यानंतर मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकातील तिसरा प्रवेश काढावा, संपूर्ण नाटक नव्हे. नवऱ्याचे डोके दुखते म्हणून डेस्डिमोना त्याच्या कपाळाला रुमाल बांधू पाहते, तो लहान आहे असे म्हणून ओथेल्लो तो बाजूला सारतो, रुमाल खाली पडतो आणि दोघेही तसेच निघून जातात. म्हणजे ज्या रुमालापायी पुढे डेस्डिमोनाचा जीव जातो, तो पडण्याला ओथेल्लो स्वतःच कारण असतो, आणि ही गोष्ट त्याला एकदाही आठवत नाही. पुढच्याच प्रवेशात तो सांगतो की हा मंतरलेला रुमाल एका इजिप्शियन बाईने आपल्या आईला दिला होता. अखेरच्या अंकात मात्र तोच म्हणतो की तो वडिलांनी आईला दिला होता. दोन्ही जागा शेजारी ठेवून वाचाव्यात आणि तो पहिल्यांदा बायकोला घाबरवण्यासाठी बोलत होता की काय, याचा विचार आपला आपणच करावा.

तिसऱ्या अंकातील त्याच तिसऱ्या प्रवेशात ओथेल्लोच्या मनात हा संशय पेरणारा त्याचा हाताखालचा माणूस म्हणजे इयागो, त्याचे संवाद दोघांनी मिळून मोठ्याने वाचावेत. इयागो आरोप असा करीतच नाही. डेस्डिमोनाशी ज्याचे नाव जोडायचे तो दुय्यम अधिकारी कॅसिओ प्रामाणिक नाही का, असे ओथेल्लो विचारतो, तेव्हा तो नुसते “प्रामाणिक, महाराज?” एवढेच म्हणतो, तुला काय वाटते, असे विचारले की “वाटते, महाराज?” असे म्हणून थांबतो. समोरच्याचाच शब्द त्याला परत करायचा आणि उरलेले विष त्याच्या मनाला कालवू द्यायचे, ही युक्ती डोळ्यांनी वाचताना निसटते, पण कानाने ऐकताच अंगावर येते. अवघड शब्द अडले तर पहिल्या वाचनात सोडून द्यावेत.

भाषेच्या बाबतीत आणखी एक सोपी खूण सांगतो. छापील पानावर ज्या ओळी उजव्या समासाच्या आधीच तुटतात ते पद्य. साधारण दहा अक्षरावयवांची ओळ, एक हलका आणि एक जोरकस आघात अशी तिची चाल असते, मात्र आपल्या अक्षरगणवृत्तांइतकी ती काटेकोर नसते. ज्या ओळी समासापर्यंत भरून जातात ते गद्य. सुरुवातीला भारदस्त पद्यात बोलणारा ओथेल्लो चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, मूर्च्छा येण्याच्या ऐन आधी, तुटक गद्यात बरळू लागतो आणि त्यात रुमालाचा उच्चार पुन्हा पुन्हा येतो. माणूस कोसळतो आहे हे अर्थ नीट कळण्याच्या आधीच पानाच्या रूपावरून दिसते. माझ्या मते शेक्सपिअर वाचण्यातला सर्वांत मोठा आनंद हाच आहे.

एवढे झाल्यावर ‘नटसम्राट’कडे वळावे. शिरवाडकरांच्या या नाटकातले बेलवलकर सर्वप्रथम साकारणारे डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म साताऱ्याचा. सर्वस्व मुलांच्या हवाली करणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट ‘किंग लिअर’ची आहे, पण जगावे की मरावे हे सर्वांना पाठ असलेले स्वगत ‘हॅम्लेट’मधून आले आहे, हे ध्यानात ठेवले नाही तर ‘लिअर’ वाचताना ते व्यर्थ शोधत बसाल. तुलना करताना बायकोकडे लक्ष द्यावे. लिअरची राणी नाटकात कोठेच येत नाही. शिरवाडकरांनी मात्र बेलवलकरांना कावेरी दिली, आणि त्यामुळे राज्य गमावण्याची मूळ शोकांतिका आपल्याकडे घराची, संसाराची झाली. ‘लिअर’साठी विंदा करंदीकरांचा मराठी अनुवाद हाताशी ठेवावा, तो नगर वाचनालयात मागून पाहावा.

सुखात्मिका मात्र आधी पाहाव्यात आणि मगच वाचाव्यात, कारण त्यांतील विदूषकांच्या कोट्या चारशे वर्षांनंतर कागदावर बऱ्याच विझलेल्या वाटतात. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ हे शेक्सपिअरचे सर्वांत लहान नाटक. दोन मालक आणि दोन नोकर अशा जुळ्यांचा गोंधळ गुलजार यांच्या ‘अंगूर’मध्ये (१९८२) पाहून घ्यावा आणि मूळ संहिता त्याच आठवड्यात, चित्रपटातले चेहरे डोळ्यांसमोर ताजे आहेत तोवर, वाचून काढावी.