चिनी अक्षरात कुठली रेघ आधी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी हाताला दोन लिप्यांचं वळण असतं. मराठीत अक्षर आधी आणि डोक्यावरची रेघ शेवटी. कन्नडात पेन न उचलता गोल फिरवायचं. चिनी लिहिताना दोन्ही सवयी आड येतात.

गणिताची चौकटीची वही घ्या. दोन बाय दोन असे चार चौकोन म्हणजे एका अक्षराचं घर. मधली फुली आयती मिळते. पेन्सिलच वापरा, सुरुवातीला खोडावं फार लागतं.

पहिलं अक्षर 'दहा', अधिकच्या चिन्हासारखं. आडवी रेघ आधी, डावीकडून उजवीकडे. मग उभी, वरून खाली. आपण हमखास आधी काना ओढतो. रेघेगणिक तोंडानं नाव घ्या: आडवीला 'हंग', उभीला 'शू'. नुसतं पानभर गिरवलं तर चुकीचा क्रमच पक्का होतो. 'माणूस' लिहिताना डावीकडे उतरणारी रेघ आधी, उजवीकडची नंतर.

'तोंड' म्हणजे साधा चौकोन, पण रेघा तीनच. डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी पेन न उचलता, कोपरा काटकोनात मोडून, शेवटी तळ. कन्नडचा हात हा कोपरा गोल करतो, तिथं क्षणभर थांबा. 'शेत' याच चौकोनात: पहिल्या दोन रेघा त्याच, मग आतली आडवी, आतली उभी, आणि तळ सगळ्यात शेवटी. आधी सामान आत, मग दार.

'राजा'मध्ये दोन आडव्या, मग उभी, मग तळाची आडवी. जपानमध्ये मात्र पहिल्या आडवीनंतर लगेच उभी घेतात, आणि 'शेता'तही आतली उभी आधी. म्हणून जपानी व्हिडिओ बघून चिनी गिरवू नका. चीनचं सध्याचं प्रमाण १ मार्च २०२१ पासून लागू आहे. त्यात ८१०५ अक्षरांचा रेघाक्रम ठरवून दिलाय.

क्रम बरोबर आहे का, हे फोनच सांगतो. चिनी कीबोर्डात 'स्ट्रोक'चा पर्याय निवडा. त्यात रेघांचे पाचच प्रकार: १ आडवी, २ उभी, ३ डावीकडे उतरणारी, ४ ठिपका किंवा उजवीकडे उतरणारी, ५ मोड असलेली. 'शेत' म्हणजे २५१२१. 'पाणी' म्हणजे २५३४: मधली उभी आधी, मग डावी बाजू, मग उजवी. तिथं डावीकडून सुरुवात केलीत तर हवं ते अक्षर येतच नाही.