बायपॅपवर नेब देताना या चुका टाळा

‘नेब देऊनही दम कमी होत नाही’ ही तक्रार मुंबईत थंडीत हवा धुरकट झाली की वॉर्डात आणि घरी, दोन्हीकडे वाढते. डोस वाढवून मागण्याआधी बायपॅपची नळी नीट बघा. बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारं मशीन, आणि नेब म्हणजे नेब्युलायझरने औषधाचा बारीक फवारा करून तो श्वासातून देणं. बायपॅपच्या जोराच्या हवेत नेब देणं म्हणजे पंख्याखाली अगरबत्ती लावणं; औषध कुठल्या कुठे जातं.

सगळ्यात महागात पडते ती जागेची चूक. एका नळीच्या बायपॅपमध्ये उच्छ्वास निघून जायला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, कधी नळीवर तर कधी थेट मास्कवर. भोकं नळीवर असतील तर नेब्युलायझर ती भोकं आणि मास्क यांच्या मधे बसवा. घरच्या मास्कना बहुधा मास्कवरच भोकं असतात. तिथे नेब्युलायझर कुठेही लावला तरी बरंच औषध बाहेर जाणार. पेशंट स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून मास्क काढायचा, तोंडात धरायच्या माउथपीसने नेब द्यायचं, पुन्हा मास्क लावायचा. मला हेच बरं वाटतं. मास्क काढल्या काढल्या सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) घसरत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका.

औषध वाया जातं म्हणून त्या भोकांवर चिकटपट्टी लावणारे नातेवाईक असतात. हे कधीही करू नका. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जातो, पेशंट गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं, बाबांना छान झोप लागली.

नेब्युलायझर आणि मास्क यांच्यामधे एचएमई फिल्टर (उच्छ्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवणारा) राहिला तर औषध त्यातच अडकतं. नेबपुरता काढा आणि आठवणीने परत लावा. हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या ओलाव्यानेही औषधाचे थेंब फुगतात. छातीत खोलवर पोचायला ते १ ते ५ मायक्रॉनचे लागतात, मोठे झाले की वाटेतच बसतात. तरी दर नेबला ह्युमिडिफायर बंद करत बसणं मला पटत नाही; कोरड्या हवेने कफ घट्ट होतो.

हवेच्या झोताने फवारा करणाऱ्या साध्या जेट नेब्युलायझरचा औषधाचा कप उभाच हवा, आडवा झाला की फवारा थांबतो. शिवाय त्याची मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा नळीत भर घालते, त्यामुळे अशक्त पेशंटने घेतलेला श्वास कधीकधी मशीनला कळतच नाही. बारीक जाळीतून फवारा करणाऱ्या मेश नेब्युलायझरला ही अडचण नाही. सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला जेट ऑक्सिजनवर चालवू नका, कॉम्प्रेसरवर चालवा. त्यांचं सॅच्युरेशन साधारण ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवतात.

मास्क नाकाच्या वरच्या बाजूला सैल असेल तर औषध डोळ्यांत जातं. ड्युओलिन या नेबच्या औषधातल्या इप्राट्रोपियमने नजर धूसर होते, काचबिंदू असेल तर धोकाच.

आणि पावसाळा! कप धुऊन खिडकीत ठेवला तर मुंबईच्या दमट हवेत दिवसभर वाळत नाही. पाणी झटका आणि कॉम्प्रेसर मिनिटभर रिकामा चालवून तो कोरडा करा.