चेंडूपर्यंत पोहोचायला उशीर होतो? आधी छोटी उडी घ्या

टेनिस नव्याने शिकताना चेंडू दिसतो, पण पाय जागचे हलत नाहीत. यावर ‘स्प्लिट स्टेप’, म्हणजे समोरच्याच्या फटक्याच्या वेळी घेतलेली छोटी उडी, फार गुणकारी आहे.

१. समोरच्याची रॅकेट चेंडूकडे यायला लागली की जागच्या जागी हलकी उडी घ्या.

२. त्याचा फटका बसतो त्याच सुमारास, पाय खांद्यांपेक्षा जरा जास्त फाकवून, चवड्यांवर उतरा. गुडघे किंचित वाकलेले, टाचा जेमतेम उचललेल्या.

३. चेंडू फोरहँडला (रॅकेटच्या हाताच्या बाजूला) येतोय की बॅकहँडला (दुसऱ्या बाजूला) ते कळताच खांदे वळवा आणि निघा.

वेळ साधत नसेल तर त्याचा फटका बसताना तोंडाने ‘आता’ म्हणा. मला तरी त्यानेच जमलं. सर्व्हिस परतवतानाही हेच करा.

उडी मात्र बोटभरच हवी. उंच उडालात तर खाली येईपर्यंत चेंडू निघून जातो.