नेटमध्ये धडाधड, मॅचमध्ये भोपळा? पोरांना बॅटिंग शिकवताना या चुका टाळा

उन्हाळी कॅम्प सुरू झाले की एक वाक्य हमखास कानावर येतं, "नेटमध्ये मस्त खेळतो हो, मॅचमध्येच काय होतं कळत नाही." मग आईबाबा म्हणतात टेम्परामेंट कमी पडतं, सर म्हणतात कॉन्सन्ट्रेशन नाही, आणि पोरगं बिचारं खाली मान घालून पॅड सोडत बसलेलं. माझ्या मते बहुतेक वेळा बिघाड प्रॅक्टिसमध्ये असतो, आणि तो पटकन सापडत नाही कारण ती प्रॅक्टिस दिसायला एकदम भारी दिसते.

सगळ्यात मोठी चूक: एकच बॉल, एकच शॉट, पन्नास वेळा

सर एका जागी उभे राहून थ्रोडाउन देतायत, म्हणजे जवळून हाताने बॉल फेकतायत, सगळे फुल म्हणजे बॅटजवळ टप्पा पडणारे, सगळे ऑफस्टंपच्या बाहेर, आणि पोरगं कव्हर ड्राइव्हवर कव्हर ड्राइव्ह मारतंय. दहाव्या बॉलनंतर टायमिंग जमतं, आवाज छान येतो, बाबा व्हिडिओ काढतात. पण पुढचा बॉल कुठे पडणार हे आधीच माहीत असल्यामुळे त्याला काही ठरवावंच लागत नाही, फक्त मघाचीच हालचाल परत करायची. मॅचमध्ये सगळा खेळ ठरवण्याचा असतो, पुढे जायचं का मागे, मारायचं का सोडायचं. पाढा ओळीने घडाघड म्हणणारं पोर मधूनच सात आठे विचारल्यावर अडकतं ना, तसंच हे.

यावर 1994 साली अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे जादा बॅटिंग, दर वेळी 45 बॉल. एका गटाला आधी 15 फास्ट, मग 15 वळणारे, मग 15 स्लो असे गठ्ठ्याने दिले, दुसऱ्या गटाला तेच 45 बॉल मिसळून, पुढचा कुठला येणार पत्ता नाही. शेवटी टेस्ट घेतली तेव्हा गठ्ठावाल्यांचा खेळ साधारण 25 टक्के सुधारला होता आणि मिसळवाल्यांचा 57 टक्के! बॉल तेवढेच, वेळ तेवढाच, फक्त क्रम बदललेला.

मिसळून दिलं की पोरगं जास्त चुकतं, बॉल बॅटला न लागताच निघून जातो, ते वैतागतं, आणि फी भरून नेटमागे उभ्या असलेल्या पालकांना वाटतं आज काहीच शिकवलं नाही. म्हणून सरही सोपा रस्ता धरतात, त्यांना तरी दोष कसा द्यायचा. हां, ज्या पोराने कालच बॅट धरलीय त्याला पहिले काही दिवस एकच शॉट द्या, काही हरकत नाही. पण बॅटवर बॉल यायला लागला की लेन्थ, लाइन, स्पीड बदलायला सुरुवात करा. फुलनंतर शॉर्ट, मग एक लेगवर, मग एक सोडून देण्यासारखा.

सूचनांचा भडिमार

"एल्बो वर, डोकं स्थिर, पाय काढ, खांदा आत, अरे बॉल बघ!" हे सगळं एका बॉलच्या आधी. शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष गेलं की हालचाल आखडते. गोल्फ नव्याने शिकणाऱ्यांवर 1999 साली झालेल्या एका अभ्यासात हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांपेक्षा क्लबच्या झोक्याकडे लक्ष द्यायला सांगितलेले जास्त अचूक खेळले. म्हणून "एल्बो वर" ऐवजी मिड ऑफला, म्हणजे बॉलरच्या थोडं बाजूला, दोन प्लास्टिकचे शंकू ठेवा आणि सांगा, याच्या मधून जमिनीलगत घालव. एल्बो बऱ्याचदा आपोआप वर येतो.

आणि प्रत्येक बॉलनंतर बोलू नका राव. दर चुकीला बाहेरून उत्तर मिळत गेलं की पोरगं स्वतः चूक ओळखायला शिकतच नाही, मॅचमध्ये तर सर बाउंड्रीबाहेर. पाचसहा बॉल गप्प बसा, मग आधी त्यालाच विचारा, काय झालं?

मशीनवर फार विसंबणं

बॉलिंग मशीनला हात नसतो. 2000 साली बॅट्समनच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या, तेव्हा दिसलं की ते बॉल शेवटपर्यंत फॉलो करत नाहीत, सुटताना बघतात आणि मग नजर थेट टप्पा पडायच्या जागी आधीच जाऊन थांबते, आणि चांगल्या बॅट्समनची जरा लवकर जाते. खऱ्या बॉलरसमोर हा अंदाज बांधायला रनअप, हात, मनगट यांचीही मदत होते, मशीनसमोर त्यातलं काहीच मिळत नाही. मशीन वाईट नाही, पण खरे बॉलर, अगदी वाकडेतिकडे टाकणारे मित्रसुद्धा, हवेतच.

प्रॅक्टिस मॅचसारखी कशी करायची याचं आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहितीय. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न येणार म्हणून सचिनने चेन्नईत माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला लेगस्टंपच्या बाहेर मुद्दाम उकरलेल्या जागेत बॉल टाकायला लावले, आणि त्या टेस्टच्या दुसऱ्या डावात नाबाद 155 काढले. सचिनचे कोच आचरेकर सर तर शिवाजी पार्कला स्टंपवर नाणं ठेवायचे, आउट करेल त्या बॉलरला ते नाणं, नाहीतर सचिनला. नेटमध्ये आउट होण्याला काहीतरी किंमत लागली की पोरं वेगळंच खेळतात. तीन वेळा आउट झाला की पॅड सोड आणि बॉलिंगला जा, एवढा नियमही पुरतो.

प्रगती मोजायची तर सेशनच्या शेवटच्या दहा बॉलवर जाऊ नका, तेव्हा हात बसलेला असतो, सगळेच छान दिसतात. दोन-तीन दिवस सुट्टी द्या, आल्याआल्या मिसळून सहा बॉल टाका आणि बघा किती नीट खेळतो, व्हिडिओ काढायचाच तर तेव्हाचा काढा.