डोक्यातून घालायचा टॉप: तयार पॅटर्नवरून घरी शिवताना

डोक्यातून घालायच्या टॉपला चेन नसते, बटणपट्टी नसते. म्हणून तो शिवायला सोपा असतो, पण मापाला कडक. गळा डोक्यातून उतरला पाहिजे आणि कमरेची जागा खांद्या-छातीवरून खाली सरकली पाहिजे. बिघडतं ते बहुधा याच दोन ठिकाणी, आणि ते कात्री लावण्याआधी कागदावरच कळू शकतं.

आधी नंबर. पॅटर्न म्हणजे कापड बेतायचे छापील कागदी तुकडे. पॅटर्नचा नंबर आणि दुकानातल्या कुर्तीचा नंबर यांचा काही संबंध नाही. सिम्प्लिसिटी, बटरिक, मॅकॉल्स या अमेरिकन कंपन्यांच्या बायकांच्या पॅटर्नमध्ये 14 नंबर म्हणजे छाती 36, कंबर 28, सीट 38 इंच. 16 नंबर म्हणजे 38, 30, 40. छातीची दोन मापं घ्या: एक भरीव भागावरून, दुसरं त्याच्या वर, टेप काखेतून घेऊन. दोन्हींत दोन इंचांहून जास्त फरक असेल तर वरच्या छातीच्या मापानं नंबर निवडा. भरीव छातीप्रमाणे मोठा नंबर घेतला की गळा, तीरा (खांद्यांची रुंदी) आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) तिन्ही मोठे होतात. छातीत नीट बसलेला टॉप मग खांद्यावरून घसरतो आणि पुढचा गळा वाकताना उघडा पडतो. छातीत कापड वाढवता येतं. बिघडलेला तीरा-मुंढा दुरुस्त करणं फार जिकिरीचं.

फ्रंटच्या, म्हणजे पुढच्या भागाच्या, कागदावर तयार कपड्याच्या छातीचं माप बरेचदा छापलेलं असतं. त्यातून अंगाचं माप वजा केलं की लूजिंग, म्हणजे कपड्यातली मोकळीक, कळते. न ताणणाऱ्या कापडाच्या टॉपला किमान तीन इंच हवं, सैल टॉपला चार ते सहा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये थोडं जास्तच बरं. पण हे लूजिंग आठ-नऊ इंच दिसलं आणि इतकं ढगळ नको असेल, तर एक नंबर खाली या.

यानंतर सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट: शिलाईची जागा. या अमेरिकन पॅटर्नमध्ये ती पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे दीड सेंटिमीटर, आधीच धरलेली असते. शिवणक्लासच्या सवयीनं दोन सुतांवर शिवलं की प्रत्येक कडेला तीन सूत कापड जास्त राहतं. दोन्ही बाजूंच्या शिवणींच्या मिळून चार कडा होतात, त्यामुळे अंग दीड इंचानं वाढतं. गळ्याचं उलट होतं: गोलाई आत राहते आणि गळा सव्वादोन इंचांहून जास्त आवळतो. टॉप ढगळ, तरी डोक्यातून जात नाही, याचं कारण हेच. पाच सूत नको असतील तर कागदावरच कडा कमी करा, शिवताना अंदाजानं नको. बुर्दा या जर्मन मासिकातल्या पॅटर्नमध्ये मात्र ही जागा धरलेली नसते. ती आपण वाढवायची.

पीडीएफ पॅटर्न असेल तर 100 टक्के आकारातच छापा आणि पहिल्या पानावरचा चाचणीचा चौकोन पट्टीनं मोजा. तो एक सूत जरी कमी भरला तरी पुढची सगळी मापं चुकतात.

गळा मोजताना टेप उभी धरून शिलाईच्या रेघेवरून फिरवा, कागदाच्या कडेवरून नाही. पुढचा आणि मागचा अर्धा गळा मिळवून दुप्पट करा. डोक्याच्या घेरापेक्षा तो निदान एक इंच जास्त हवा. डोकं 22 इंच असेल तर गळा 23. कमी भरला तर मागच्या मध्यावर चार-पाच इंचांची चीर ठेवून वर लूप आणि बटण द्या.

आता छातीतली वाढ. समजा वरची छाती 36, भरीव छाती 39. नंबर 14, आणि वाढ तीन इंच, म्हणजे अर्ध्या फ्रंटला दीड. फ्रंट दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या, अंगावर धरून छातीच्या टोकाची खूण करा. त्या खुणेपासून तीन रेघा: एक उभ्या धाग्याला समांतर खाली घेरापर्यंत (टॉपच्या खालच्या कडेपर्यंत), एक तिरकी मुंढ्याच्या खालच्या भागाकडे, एक बाजूच्या टक्सच्या (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुणीच्या) मधोमध. घेराकडून खुणेपर्यंत आणि पुढे मुंढ्यापर्यंत कापत जा, पण मुंढ्याच्या शिलाईच्या रेघेवर केसभर कागद जोडलेला ठेवा. बाहेरच्या कडेकडूनही त्या जागेपर्यंत बारीक काप द्या, म्हणजे कागद सुरकुत्या न पडता वळेल. टक्सची रेघ बाजूकडून खुणेपर्यंत कापा; तिथेही केसभर सोडा. बाजूचा तुकडा बाहेर सरकवा. खुणेपासून घेरापर्यंतची फट सारखी दीड इंच झाली की खाली कागद चिकटवा. टक्स आपोआप रुंदावतो. मधला तुकडा खाली आखूड राहील. तो आडवा कापून उतरवा आणि घेर सरळ करा. टक्सचं टोक खुणेच्या एक-दीड इंच अलीकडेच थांबवा, नाहीतर छातीवर शंकू उभा राहतो.

लगेच चांगलं कापड कापू नका. मांजरपाट किंवा जुनी सुती चादर घ्या, मोठ्या टाक्यांनी जोडा आणि घालून बघा. कमरेत बेतलेला टॉप इथे हमखास पकडला जातो: अंगात बसतो, पण काढताना छातीवर अडकतो. तसं झालं तर बाजूच्या शिवणींतून कंबर सैल करा, किंवा डाव्या बाजूला चेन लावा. मुंढ्याकडून छातीकडे तिरक्या घड्या दिसल्या, किंवा पुढचा घेर वर उचलला, तर छातीत वाढ कमी पडली आहे. खांद्याची शिवण मागे जात असेल तर ती तीन-चार सूत पुढे घ्या: फ्रंटच्या खांद्यातून काढायचं, बॅकला तेवढंच जोडायचं.

कापड लक्ष्मी रोडला घ्या किंवा रविवार पेठेतल्या कापडगंजात, आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. पॅटर्नच्या पाकिटावर 45 आणि 60 इंच पन्ह्याचा हिशोब असतो, तोही यार्डात. पावणेदोन यार्ड म्हणजे 1.6 मीटर. 36 इंची हातमागाला किंवा खणाच्या अरुंद पन्ह्याला तो लागू पडत नाही. अशा वेळी पॅटर्नचे तुकडे जमिनीवर तितक्याच रुंदीत मांडून लांबी मोजा आणि मगच खरेदीला निघा. सुती कापड आटतं, म्हणून धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच बेता. पहिल्या टॉपला पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक घ्या. मलमल सुंदर, पण कापतानाच सरकते.

कापल्या कापल्या गळ्याला कडेपासून चार सुतांवर एक शिलाई मारा, दोन्ही बाजूंनी खांद्याकडून मध्याकडे. नाहीतर गळा हाताळतानाच ताणतो. कॅम्ब्रिकला 11 नंबरची सुई, मलमलीला 9. क्रम असा: टक्स, खांदे, गळा, बाह्या, मग काखेसकट बाजू, शेवटी घेर. गळ्याला सव्वा इंच रुंदीची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावा. गोलाईवर ती किंचित ताणून शिवा. जास्तीचं कापड दोन सुतांवर आणा, दर अर्ध्या इंचावर शिलाईपर्यंत न जाणारे बारीक काप द्या आणि पट्टी आत वळवण्याआधी तिच्याच कडेवर, खालच्या शिलाईच्या जागेसकट, एक शिलाई मारा. ही शिलाई टाळली की पट्टी धुतल्यावर बाहेर डोकावते. पॅटर्नवर बाहीला जुळवणीच्या खुणा असतात: एक खाच पुढे, दोन खाचा मागे. त्या जुळवल्या नाहीत तर हात पुढे नेताना टॉप पाठीत ओढतो.