पहिलं वर्ष, पुणे: बुजऱ्या मुलांनो, या चुका टाळा

बाहेरगावाहून पुण्यात पहिल्या वर्षाला आलेल्या बुजऱ्या मुलाचं नुकसान वर्गात कमी आणि ऑफिसच्या खिडकीवर जास्त होतं. विचारायची भीती वाटते, काम उद्यावर जातं आणि उद्या तारीख संपलेली असते. धडधड होते ती होऊ द्या, फक्त खिडकीपर्यंत जा.

‘फॉर्म भरलाय’ म्हणून निर्धास्त राहणं

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, ‘सबमिट’ दाबलं की शिष्यवृत्ती मिळाली, असं समजणारी मुलं दरवर्षी सापडतात. खरं तर तिथून काम सुरू होतं. फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, क्लार्क तपासतो, मग तो संबंधित खात्याकडे जातो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असली, स्कॅन अंधूक असला, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असलं, की फॉर्म ‘सेंड बॅक’ होऊन तुमच्याच लॉगिनला परत येतो. घरी पत्र येत नाही.

एक नमुना बघा. मराठवाड्यातला मुलगा, फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरलेला. नेट कॅफेवाल्याने मोबाईल नंबर वडिलांचा टाकला होता. फॉर्म दाखल्यावरून परत आला, मेसेज वडिलांच्या फोनवर गेला आणि त्यांनी जाहिरात समजून सोडून दिला. मुलगा रोज त्या खिडकीसमोरून जायचा. रांग बघायचा, क्लार्क कुणावर तरी खेकसताना ऐकायचा आणि ‘उद्या येऊ’ म्हणून वळायचा. मार्चमध्ये फी भरा म्हणून नोटीस लागली तेव्हा लॉगिन उघडलं. दुरुस्तीची मुदत कधीच उलटून गेली होती. नवा दाखला जोडायचं काम पाच मिनिटांचं होतं!

सवय सांगतो: दर सोमवारी कँटीनला जाण्याआधी लॉगिन उघडून स्टेटस बघायचं. नंबर स्वतःचा द्यायचा. खिडकीवर जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यायचा, मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवायच्या. क्लार्क खेकसतोच. त्याच्यापुढे त्या दिवसातला तुम्ही शंभरावा असता, मनावर घेऊ नका.

दुसरा घोळ बँकेचा. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. गावाकडचं जुनं खातं बंद पडलं असेल आणि आधार त्यालाच जोडलेलं असेल, तर पैसे तिथेच अडकतात. आधारच्या वेबसाइटवर कोणती बँक जोडली आहे ते दिसतं. आजच बघा.

दर शुक्रवारी गावी पळणं

घरची ओढ समजते, पण आधी हिशोब करा. एका विषयाची आठवड्याला तीन लेक्चर, पंधरा आठवड्यांत ४५. हजेरीची अट ७५ टक्क्यांची, म्हणजे फार तर ११ चुकवता येतात. शुक्रवारी दुपारची एसटी धरली आणि सोमवारी दुपारी परतलात, की त्या विषयाची दोन लेक्चर गेली. सहा फेऱ्यांत १२ होतात आणि आजारी न पडताच तुम्ही डिफॉल्टर लिस्टवर!

खरा खड्डा मात्र प्रॅक्टिकलचा. एक चुकलं की पुढच्या वेळी सर विचारतील म्हणून दुसरंही बुडवलं जातं आणि जर्नलची कोरी पानं वाढत जातात. मग सबमिशनच्या आदल्या रात्री चार जणांची जर्नल उतरवायची आणि वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘हे रीडिंग कुठून आलं?’ म्हटल्यावर गप्प बसायचं. तयार जर्नल विकत घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. चुकलेलं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या, असं सरांना जाऊन विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. डिसेंबरात विचारलंत तर कुणीही म्हणत नाही. लिखाण त्याच दिवशी, सही पुढच्या प्रॅक्टिकलला. गावी महिन्यातून एकदाच जा आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत या.

बाकीच्या चुका

इंग्रजी जमत नाही म्हणून शंका न विचारणं: मराठीत विचारा, पुण्यात कुणी हसत नाही, हसलाच तर त्याचीही तीच शंका असते. सगळी पुस्तकं पहिल्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून कोरी उचलणं: महिनाभर थांबा, सिनिअरकडची किंवा जुनी घ्या. गाईड हातात घेण्याआधी विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका बघा. परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका, लेट फी सोडा, त्या दिवशी सर्व्हरच बसलेला असतो. ‘ग्रुपवर कळेल’ म्हणू नका, नोटीस बोर्डाचा फोटो स्वतः काढा. एखादा विषय राहिला तर घरी लपवू नका. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, ती बघा आणि मगच रिव्हॅल्युएशनचं ठरवा. मुदत मोजक्या दिवसांची असते.

दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर ती नुसती घरची आठवण नव्हे. जीएफएमना, म्हणजे तुमच्या बॅचची काळजी घ्यायला नेमलेल्या शिक्षकांना भेटा. तोंड उघडवत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मेस. पहिल्याच दिवशी तीन महिन्यांचे पैसे भरू नका. दोन-तीन ठिकाणी एकेक दिवस कूपनवर जेवून बघा, तेही रात्री, कारण दुपारची भाजी सगळीकडे बरी असते. बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री सुट्टी, हे नव्या मुलांना भूक लागल्यावरच कळतं. खोलीवर शेंगदाणे, चिवडा ठेवा. विजेची किटली आणायची तर आधी घरमालकांना विचारा. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहणाऱ्यांची अर्धी भांडणं विजेच्या बिलावरूनच होतात.